वरळीतून प्रेरणा कशी उचलावी: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

अभिनंदन! तुमच्या हॉलमधली एक भिंत रिकामी आहे, आणि ती रिकामी असल्याचा शोध नुकताच लागला आहे. कालपर्यंत तिच्यावर कालनिर्णय होते, त्याचा खिळा होता आणि खिळ्याला गाडीची किल्ली होती. कुणाचे काही अडत नव्हते. मग इंटिरिअर डिझायनर आल्या, डोळे बारीक करून भिंतीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही वॉल काहीतरी मागतेय." काय मागतेय तेही त्यांना लगेच कळले. तिला प्रेरणा हवी आहे. साडेचार फूट बाय तीन, मॅट फिनिश, काळी चौकट.

घाबरू नका. प्रेरणा शोधायला लडाखला जायचे दिवस गेले. वरळीत किल्ला आहे, किल्ल्याच्या पायथ्याशी कोळीवाडा आहे, शंभरीला टेकलेल्या बीडीडी चाळी आहेत, गिरण्यांच्या जमिनी आहेत आणि समोर सी लिंक आहे. एवढा माल इतक्या कमी जागेत दुसरीकडे मिळत नाही. फक्त खालच्या पायऱ्या क्रमाने पाळा. क्रम चुकला तर वरळीचा फोटो घरी येण्याऐवजी वरळीच घरी येण्याचा धोका असतो.

१. आधी वर जा.

प्रेरणा उंचावरून चांगली दिसते. तिसाव्या मजल्याच्या वर गेलात की कोळीवाडा म्हणजे समुद्राकाठी कुणीतरी सांडलेल्या रंगाच्या डब्या. त्यातल्या निळ्या रंगावर सगळे भाळतात. तो निळा म्हणजे ताडपत्री. ती छपरावर असते कारण छप्पर गळते. पण हे तिसाव्या मजल्यावरून दिसत नाही, आणि दिसत नाही ते तुमच्या कामाचे नाही. बाल्कनीत उभे राहा, मोबाइल आडवा धरा आणि "काय टेक्स्चर आहे!" असे घरातल्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणा. पहिला धडा झाला.

तिसावा मजला नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. तिसाव्या मजल्यावर राहणाऱ्यांनी काढलेले फोटो विकत मिळतात.

२. मग खाली उतरा, पण पोटभर नाश्ता करून.

कोळीवाड्यात जायची उत्तम वेळ सकाळची. ऊन तिरपे असते, सावल्या लांब पडतात आणि बोटी बंदरावर असतात. अडचण एकच, की त्याच वेळी तिथे माणसे कामात असतात. जाळी उचलणे, बर्फ फोडणे, टोपल्या वाहणे असल्या गोष्टींमुळे चौकटीत सारखी हालचाल येते. शटर स्पीड वाढवा आणि सहन करा.

वासाबद्दल नवशिक्यांना काळजी असते. ती अनाठायी आहे. छायाचित्रणाचा शोध १८३९ साली जगापुढे आला. तेव्हापासून त्यात रंग आला, हालचाल आली, आवाज आला. वास आला नाही. गृहसजावटीचा निम्मा धंदा या एका उणिवेवर उभा आहे. तुमच्या सोसायटीत मासळीची पिशवी सर्व्हिस लिफ्टने न्यावी अशी पाटी असेल. मासळीचा फोटो मेन लिफ्टने नेता येतो. समितीच्या एखाद्या सदस्याने त्यालाही हरकत घेतली तर फोटो सेपियात करा. सेपियातला पापलेट शाकाहारी धरला जातो.

३. माणसाचा फोटो घेताना परवानगी मागू नका.

मागितलीत तर उत्तर मिळेल, आणि मिळणारे उत्तर असे असते: "दादा, फोटू मागनं काढा, आधी म्हावरं घेताय का सांगा." या वाक्याने भलेभले छायाचित्रकार गारद झाले आहेत. कारण समोरच्या बाईंच्या चेहऱ्यावरचे "काळाच्या लाटांनी कोरलेले भाव" एका क्षणात जातात आणि त्या जागी गिऱ्हाईक बघतानाचा अत्यंत तल्लख चेहरा येतो. तो भिंतीवर चालत नाही. भिंतीवरचा कोळी दूर क्षितिजाकडे बघणारा लागतो.

अर्धा किलो मांदेली घेऊन टाका. ती मॉडेलची फी समजा. घासाघीस करू नका. त्या तुमच्यापेक्षा चांगली करतात, आणि शिवाय तुम्ही गळ्यात जे लटकवून आला आहात त्याची किंमत त्यांनी मघाशीच ओळखली आहे.

तरीही जमत नसेल तर मुंबईची जुनी परंपरा आठवा. १८५४ साली या शहरात फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिथे सभासद होते, आणि विल्यम जॉन्सन नावाचा एक साहेबही होता. या जॉन्सनने मुंबईत दिसणाऱ्या नाना जातीजमातींचा एक अल्बम काढला, दोन खंडांत, १८६३ आणि १८६६ मध्ये. त्याची युक्ती मननीय होती. माणसांचे फोटो एकीकडे काढायचे, देखाव्याचे दुसरीकडे, आणि मग माणसे कापून देखाव्यावर बसवायची. माणूस त्याच्या जागेवर असलाच पाहिजे असा आग्रह त्याने धरला नाही. तुमच्या डिझायनर ज्याला मूड बोर्ड म्हणतात त्याचा हा मूळपुरुष. तेव्हा कात्री होती, आता ॲप आहे. संकोच तेव्हाही नव्हता.

४. रिकाम्या जागेचे महत्त्व ओळखा.

हा सगळ्यात कठीण धडा आहे, म्हणून सावकाश घ्या. छायाचित्रणाचे शिक्षक सांगतात की चौकटीत वस्तूइतकीच तिच्याभोवतीची मोकळी जागाही बोलते. ती किती सोडायची हे कळायला वर्षे लागतात.

वरळीच्या कोळ्यांनाही वर्षे लागली. किनारी रस्ता सी लिंकला जोडायचे ठरले तेव्हा त्या जोडपुलाचे खांब कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरातून बोटी बाहेर पडतात त्याच वाटेत येत होते. आराखड्यात दोन खांबांमध्ये ६० मीटर मोकळी जागा होती. कागदावर ६० मीटर भरपूर दिसतात, बोट काही मीटरचीच असते. पण कागदाला लाट नसते. वारा आडवा सुटला, ओढ वाढली की बोट सरळ रेषेत जात नाही, ती घसरत जाते, आणि समोर काँक्रीट असेल तर घसरत जाणे परवडत नाही. कोळी म्हणत होते, अंतर वाढवा. कामे अडली, बैठका झाल्या, समुद्रात बोटी नेऊन विरोध झाला, तज्ज्ञांचे अहवाल आले. शेवटी सरकारने १२० मीटर मान्य केले. रचनाशास्त्रातला एवढा मोठा वाद मुंबईच्या कुठल्याही कलाशाळेत झालेला नसेल. पुढे २०२४ मध्ये त्या जोडपुलावर पोलादी कमानी बसल्या, पहिली १३६ मीटर लांब आणि दुसरी १४३.

तुमचे काम मात्र सोपे आहे. किल्ल्याच्या बाजूने कॅमेरा लावा. हा किल्ला इंग्रजांनी १६७५ च्या सुमारास शत्रूची जहाजे हेरायला बांधला. आता तिथून सी लिंक हेरतात. पूल चौकटीच्या वरच्या भागात घ्या, खाली पाणी सोडा आणि पाण्यात एकच बोट ठेवा. एकच. दोन आल्या तर मासेमारी वाटते, एक असली की एकाकीपण वाटते, आणि एकाकीपणाला भाव चांगला येतो. दुसरी बोट निघून जाईपर्यंत थांबा. तिला घाई असतेच, तिला खांबांमधून भरतीच्या वेळेत जायचे असते.

५. इंडस्ट्रियल लुक हवा असल्यास क्रम पाळा.

काहींना समुद्र नको असतो. त्यांना विटा हव्या असतात. उघड्या विटा, उघडे पाइप, तारेला लोंबणारे पिवळे दिवे, आणि भिंतीवर गिरणीचा कृष्णधवल फोटो. वरळी-परळच्या हद्दीत हा लुक फार खुलतो. पण नवशिके क्रमात घोटाळा करतात, म्हणून नीट लिहून घ्या.

आधी गिरणी बंद पडू द्या. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. पुष्कळसे कामगार तर गिरणीत परत गेलेच नाहीत. मग जमिनीचे काय करायचे ते ठरेपर्यंत थांबा. याला दोन दशके लागतात, चहा घ्या. मग खऱ्या विटांच्या भिंती पाडा. विटा डंपरने बाहेर पाठवा. त्या जागी काँक्रीटचा टॉवर उभा करा. श्रीनिवास मिलच्या जागेवर वर्ल्ड वन उभा आहे तो बघून या. टॉवरमध्ये फ्लॅट घ्या. आणि मग, मगच, काँक्रीटच्या भिंतीवर विटांसारख्या दिसणाऱ्या अर्ध्या इंचाच्या टाइल्स चिकटवा. त्या जुन्या दिसाव्यात म्हणून वरून पांढरा हात मारून घ्या. कारागीर विचारेल, "साहेब, नवीन मालाला जुना कशाला करायचा?" त्याला उत्तर देऊ नका, त्याला अजून पुढचे घर करायचे आहे.

गिरणीची चिमणी हवी असेल तर फिनिक्स मॉलमध्ये आहे. खरेदी करून बाहेर पडताना तिच्यासमोर सेल्फी घेता येतो. जुनी लाकडी बॉबिन मिळाली तर तिच्यात मेणबत्ती लावा. भोंगा मात्र आणू नका. भोंग्याचा फोटो आकर्षक दिसतो, पण भोंगा सकाळी सातला वाजतो, आणि पाहुणे रात्री उशिरा गेलेले असतात.

फोटोतला कामगार निवडताना चेहरा अंधारात असलेला निवडा. हे कलेसाठी नाही. लालबागपासून वरळीपर्यंत कुणाचे ना कुणाचे आजोबा साच्यावर होते; पाहुण्यांपैकी एखादा "हे आमचे अण्णा तर नव्हेत?" म्हणून जवळ जाऊन चष्मा लावेल, आणि मग पार्टीचा नूर जाईल. एकदा अण्णा सापडले की त्यांची थकलेली देणी, गावची जमीन, म्हाडाची लॉटरी हे सगळे हॉलमध्ये येऊन बसते. चेहरा अंधारातच बरा.

६. मिनिमलिझम शिकायला चाळीत जा.

कमी जागेत, कमी वस्तूंत सुंदर राहण्याची कला जपान्यांची, असे पुस्तके सांगतात. त्या पुस्तकांना बीडीडी चाळ माहीत नाही. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेली १६० चौरस फुटांची एक खोली, संडास मजल्यावर सगळ्यांचा मिळून, आणि खोलीत आजीपासून नातवापर्यंत सगळे. पलंगाखाली ट्रंक, ट्रंकेवर गाद्या, वर माळा, माळ्यावर गणपतीचे मखर. रात्री ज्या जागी झोपायचे तीच सकाळी स्वयंपाकाची. डिझायनर याला "मल्टिफंक्शनल स्पेस" म्हणतात आणि चौरस फुटाच्या हिशोबाने पैसे लावतात.

तुम्ही कॉरिडॉरचा फोटो घ्या. लांबच लांब अंधारा बोळ, दोन्हीकडे दारे, दारांबाहेर पाण्याची पिंपे, टोकाला उजेडाचा चौकोन. कुणीही काढला तरी हा फोटो चांगला येतो, नवशिक्यांनी निर्धास्त घ्यावा. पण लवकर घ्या. चाळी पाडून तिथे चाळीस मजल्यांचे टॉवर होताहेत. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या.

इथे एक सावधगिरीची सूचना. या नव्या घरात कुणी ओळखीचे असेल तर घर बघायला जरूर जा, पण तुमच्या कॉरिडॉरच्या फोटोची प्रिंट भेट म्हणून नेऊ नका. ते हसून ठेवून घेतील आणि कपाटामागे सरकवतील. त्यांना तो बोळ तोंडपाठ आहे. रात्री दोन वाजता पोटात कळ आल्यावर त्या बोळाची लांबी किती असते हे त्यांना लेन्सशिवाय कळते. त्यांच्या हॉलमध्ये पीओपीचे छत आहे, छताच्या कडेने निळे एलईडी आहेत, टीव्हीमागे चकचकीत पॅनेल आहे. सुताराला त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवून "अस्संच पायजे" सांगितले होते. तो फोटो नीट बघा. तो तुमच्या हॉलचा आहे, डिझायनर बाईंनी सहा वर्षांपूर्वी काढून जाहिरातीत टाकलेला. म्हणजे तुम्ही त्यांचा बोळ लावणार आणि ते तुमचा हॉल लावणार. प्रेरणेची अशी थेट अदलाबदल क्वचित बघायला मिळते. मध्ये कमिशन मात्र दोन्हीकडून कापले गेले.

७. फोटोतून रंग काढा.

फोटोतले पाच रंग उचलून भिंतींना द्यायची पद्धत आहे. ॲप हे काम करते. वरळीच्या फोटोतून निघणारे पाच रंग असे: ओहोटीचा करडा, भरतीचा करडा, काँक्रीटचा करडा, ढगांचा करडा आणि ताडपत्रीचा निळा. शेडकार्डवर याच करड्यांना चार इंग्रजी नावे असतात आणि चारांचे भाव वेगळे.

रंगांच्या बाबतीत दक्षिण मुंबईला कमी लेखू नका. एशियन पेंट्सची सुरुवात १९४२ साली गिरगावातल्या गायवाडीत एका गॅरेजमध्ये झाली. तिचा हातात ब्रश घेतलेला गट्टू १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी काढला. लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनचा पुतळा वरळी सी फेसवर उभा आहे. चौकड्यांचा कोट, धोतर, काही न बोलणे. घराचा रंग ठरवायच्या आधी त्याच्याशेजारी उभे राहून फोटो घ्या आणि कोटेशन त्याला वाचून दाखवा. तो नेहमीसारखाच बघेल.

पावसाळ्यात तर रंगाचा खर्चच वाचतो. जुलैत बाहेरच्या भिंतीला ओल आली की ती आपला आकार आपण धरते. डिझायनर "ऑरगॅनिक पॅटर्न" म्हणतील, प्लंबर "वरच्यांची लाइन लीक आहे" म्हणेल. प्लंबरचे ऐका.

८. आता भिंतीवर लावा.

तांत्रिक भाग थोडक्यात. नव्या टॉवरच्या भिंती विटांच्या नसतात, साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या असतात. साध्या ड्रिलने त्यांना ओरखडा पडतो आणि ड्रिलला धूर येतो. हॅमर ड्रिल आणा. ड्रिल करण्याची वेळ सोसायटीने ठरवलेली असते, आणि त्या वेळेत खालच्या मजल्यावरचे आजोबा झोपतात. समुद्राकाठी साधा लोखंडी हूक गंजतो, स्टेनलेस घ्या. चौकटीमागे हवा खेळायला बोटभर जागा सोडा, नाहीतर दोन पावसाळ्यांत फोटोवर बुरशीची नक्षी उमटेल. काचेवर समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब पडते. म्हणजे समुद्राचा फोटो बघायला गेलात की काचेत समुद्रच दिसतो. पडदा ओढा. पडदा ओढून समुद्राचा फोटो बघणे हीच या छंदाची खरी दीक्षा.

जागेचा प्रश्न नाजूक असतो. भिंत एक आणि उमेदवार तीन. डिझायनरना कोळीणबाई हव्यात. वास्तुवाल्यांना सात धावते घोडे हवेत, तोंडे घराच्या आत. आणि सासूबाईंना मामंजींचा फोटो दक्षिणेच्या भिंतीवर हवा आहे. तो आधीच्या घरात तिथेच होता, चंदनाच्या हारासकट. डिझायनर हळूच सांगतील की तो हार पॅलेटमध्ये बसत नाही. सासूबाईंसमोर हे वाक्य मराठीत बोलू नका, इंग्रजीतही नको, त्या बँकेतून निवृत्त झाल्या आहेत. तोडगा असा: घोडे बेडरूममध्ये, मामंजी दक्षिणेला आणि कोळीणबाई सोफ्याच्या मागे. पाहुणे सोफ्यावर बसले की त्यांना मामंजी दिसतील आणि मामंजींना कोळीणबाई. त्यांना मासळी आवडायची.

९. शेवटची अडचण आणि तिचा उपाय.

सगळे झाले, पाहुणे येऊन गेले, "कुठून आणलंत?" झाले, "अरे, ही आपली वरळीच!" असे सांगून झाले. सोमवारी सकाळी घरकामाच्या ताई येतील. त्या कोळीवाड्यातून येतात, हे तुम्हाला आजवर विचारायचे सुचले नव्हते. झाडू हातात तसाच धरून त्या सोफ्यामागे बघत उभ्या राहतील आणि म्हणतील, "ही तं आमची मावशी!"

तुम्ही आनंदाने प्रकाशाबद्दल, भावाबद्दल सांगायला सुरुवात कराल. त्यांचे लक्ष नसेल. "मावशी धडधाकट हाय वो ताई. एवढा मोठा एकटीचा फोटो फ्रेम करून लावलाव, आता हार तेवढा ऱ्हायला!"

गोंधळून जाऊ नका. फोटो लगेच उतरवूही नका, खालची टाइल खराब आहे. माफी मागा, एक प्रिंट मावशीला देते म्हणा. प्रिंट देण्याआधी आकार विचारून घ्या, अपेक्षा वेगळी असते. मॅट चालणार नाही, चकचकीत हवा. कृष्णधवल तर मुळीच नको, लग्नाच्या अल्बममध्ये शोभत नाही. आणि हा फोटो नकोच. यात मावशी कामाच्या लुगड्यात आहे, केस विस्कटलेले, मागे कसला तो पूल. दुसरा काढा. मावशी हिरवे लुगडे नेसेल, दागिने घालेल, वेणी माळेल, दोन्ही सुना आणि नातू बाजूला उभे राहतील, सगळे कॅमेऱ्यात बघतील. रविवारी या म्हणाली आहे. सकाळी नको, सकाळी धंद्याची वेळ. चारनंतर या, आणि येताना मघासच्या मांदेलीचे सुटे वीस रुपये राहिलेत, ते घेऊन या.